खाडा

मेसच्या मावशींकडे एक लांबट वही होती, वाण्याकडे असते तशी, लाल कापडी पाठीची. प्रत्येक मुलीच्या नावापुढे महिन्याची एकतीस घरं आखलेली. दुपारी जेवलं की घराच्या वरच्या अर्ध्यात रेघ, रात्री जेवलं की खालच्या अर्ध्यात. जेवायला गेलं नाही की फुली. त्या फुलीला खाडा म्हणायचं. आधी सांगून सलग चार खाडे केले तर पैसे वजा, न सांगता केले तर 'तुझ्या वाटणीचं मी काय कुत्र्याला घालू व्हय?' हे ऐकून घ्यायचं आणि पैसेही भरायचे. महिनाअखेरीला या फुल्यांवरून जी भांडणं व्हायची, तेवढा कीस आम्ही कॉलेजात एकाही विषयाचा पाडला नसेल.

मी १९९५च्या जूनमध्ये बार्शीहून पुण्याला आले. कॉलेजात मला रोल नंबर होता, पण हजेरीला 'येस सर' म्हणायला मैत्रीण पुरायची. मेसमध्ये प्रॉक्सी चालत नाही. माझ्या वाटणीची पोळी दुसरीने खाल्ली तरी मावशींना कळायचं, कारण ती चौथीनंतर भात मागायची आणि मी तिसरीनंतर. सांगायचं हे, की या शहरात मी आहे की नाही याची खरी नोंद ठेवणारं पहिलं दफ्तर म्हणजे ती वही.

पुढच्या पावसाळ्यात माझी रूममेट आजारी पडली. ती लातूरची. मी तेव्हा सुट्टी जोडून घरी गेले होते आणि तिसऱ्या कॉटवरची मुलगी नुकतीच सोडून गेली होती, त्यामुळे खोलीत ती एकटीच. दोन दिवसांत तिच्या नावापुढे चार फुल्या पडल्या. सांगितलेलं नाही, म्हणजे पैसे मावशींचेच होते, गप्प बसल्या असत्या तर फायदाच. चौथ्या फुलीच्या रात्री मेस आवरून त्या आमच्या वाड्याचा जिना चढल्या. गुडघे दुखायचे त्यांचे. एरवी त्या स्वतःच्या पोटमाळ्यावरसुद्धा चढत नसत. दार वाजवलं, उघडेना, तेव्हा खालून घरमालकीणबाईंना उठवून किल्ली आणली. आत ही तापाने फणफणलेली, डोळे पिवळे. कावीळ. रात्री साडेदहाला दोन बायका, एक सत्तरीची आणि एक पन्नाशीची, तिला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेल्या. त्या दोघींचं एकमेकींशी आधी कधी पटलेलं नव्हतं. एकीच्या मते दुसरी मुलींना उपाशी ठेवायची, दुसरीच्या मते पहिली मुलींना कोंडून ठेवायची.

मी परत आले तेव्हा वहीत त्या चार घरांतल्या फुल्या खोडून वर बारीक अक्षरात 'पेज' लिहिलं होतं. पेजेचे पैसे लावले नव्हते.

बाहेरून आलेल्या पोराला जेवू घालायचं ही पुण्याची जुनी सवय आहे. माधुकरी मागून किंवा वार लावून, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी असं जेवून शिकलेल्यांच्या आठवणींनी मराठी आत्मचरित्रांची पानंच्या पानं भरली आहेत. त्या आठवणी वाचताना आपले डोळे पाणावतात आणि एक गोष्ट सोयीने निसटते. वार कोणालाही मिळत नसे. ताट वाढण्याआधी जात माहीत असायची. १९५५मध्ये डॉ. अच्युत आपटे यांनी विद्यार्थी सहाय्यक समिती सुरू केली आणि खेड्यातून आलेल्या गरीब मुलांची राहण्या-जेवण्याची सोय एखाद्या गृहिणीच्या मर्जीवर न सोडता संस्थेच्या छपराखाली आणली, तेव्हा त्यात मोठी गोष्ट होती ती मला वाटतं हीच.

मला खोली मिळाली तीही आडनाव सांगूनच. सदाशिव पेठेत, खुन्या मुरलीधराच्या मागच्या बोळात. हा पत्ता सांगताना वडील पहिला शब्द गाळायचे. तरण्या पोरीला 'खुन्या'च्या मागे ठेवली म्हटलं तर बार्शीत लोक काय म्हणतील! फक्त 'मुरलीधराच्या देवळामागं' म्हणायचे. वाडा दुमजली, पुढे दिंडी दरवाजा, चौकात आड, त्यावर लोखंडी जाळी. माडीवर तीन कॉट. कॉटचे महिन्याला ३०० रुपये. घरमालकीणबाईंना आम्ही काकू म्हणायचो. त्यांची दोन्ही मुलं अमेरिकेत, यजमान जाऊन सहा वर्षं झालेली. पहिल्या दिवशी त्यांनी मला समोर बसवून तीन प्रश्न विचारले. आडनाव काय, वडील काय करतात आणि काय शिकतेस. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं ऐकताना त्या चष्मा पुसत होत्या. तिसऱ्याला त्यांनी चष्मा घालून माझ्याकडे नीट पाहिलं. 'बी.एस्सी.' म्हटल्यावर 'बरं' म्हणाल्या. त्या पाहण्याचा अर्थ मला वर्षभराने कळला. तो पुढे सांगते.

नियम दिंडीच्या आतल्या बाजूला खडूने लिहिलेले असत, आणि पावसाळ्यात ओल आली की पुन्हा लिहिले जात. रात्री साडेनऊनंतर दार उघडले जाणार नाही. पाहुणे आणू नयेत. आडाचे पाणी कपड्यांसाठी, नळाचे पिण्यासाठी. शेवटचा नियम कोणीतरी बोटाने पुसून 'नळाचे पाणी रडण्यासाठी' केला होता, आणि काकूंनी तो तसाच ठेवला होता. विनोद आवडला म्हणून, की दिसलाच नाही म्हणून, हे कधी कळलं नाही.

पहिल्याच वर्षीच्या दिवाळीनंतर मी बार्शीहून परत येत होते. दुपारी चारला निघालेली एसटी भिगवणच्या पुढे बंद पडली. दुसरी गाडी यायला तीन तास गेले. स्वारगेटला उतरले तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. स्वारगेट ते आमचा बोळ, रिक्षाने दहा मिनिटं. पण साडेनऊनंतर दार उघडणार नाही असं लिहिलेलं, आणि अठरा वर्षांच्या मला खडूने लिहिलेलंही दगडावरच्या रेघेसारखं वाटायचं. मी स्टँडवरच बसून राहिले. एका म्हाताऱ्या जोडप्याशेजारी, त्यांच्या गाठोड्याला पाठ टेकून. दोन वाजता ती दोघं सासवडकडच्या कुठल्याशा गाडीत बसायला म्हणून उठली आणि तिथून पुढचे तीन तास मी आयुष्यात विसरलेले नाही. एक माणूस समोरच्या बाकावर येऊन बसला. मग माझ्या बाकावर. मग 'कुठं जायचंय?' मी उठून कंट्रोलरच्या खिडकीखाली उभी राहिले. आतला माणूस झोपला होता, पण खिडकीत दिवा होता. पहाटे पाचपर्यंत मी त्या दिव्याखाली उभी होते.

साडेपाचला दिंडी वाजवली. काकू दार उघडून म्हणाल्या, 'आत्ता कुठली गाडी?'

मी सांगितलं. त्या काही वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, 'आणि दार का नाही वाजवलंस?'

'साडेनऊचा नियम...'

'शहाणीच आहेस!' एवढंच म्हणून त्या आत गेल्या. मला वाटलं, खोली गेली. दुपारी कॉलेजातून आले तर चौकात एक सुतळी लोंबत होती. दिंडीच्या फळीतल्या भोकातून आत आलेली, पडवीच्या खांबाला वळसा घालून काकूंच्या खिडकीतून आत गेलेली. दुसऱ्या टोकाला, त्यांच्या उशाशी, देवघरातली जुनी पितळी घंटा. बाहेरच्या बाजूला सुतळीचं टोक मीटरच्या पेटीमागे दडवलेलं. आम्हा तिघींनाच माहीत. खडूचा नियम तसाच राहिला. तो पुसायचा प्रश्नच नव्हता, शेजारी काय म्हणतील! पण वर्षभरात ती घंटा आठ-दहा वेळा तरी वाजली असेल. दर वेळी काकू उठायच्या, दार उघडायच्या, 'कुठे होतीस' विचारायच्या, आणि उत्तर अर्धंमुर्धं ऐकून झोपायला जायच्या. सकाळी मात्र पूर्ण उत्तर द्यावं लागे.

आता ही विचारपूस होती की चौकशी? त्या वयात मला ती चौकशीच वाटायची आणि फार राग यायचा. अजूनही मी काकूंना संत करायला तयार नाही. लातूरवालीला भेटायला तिचा सख्खा मामेभाऊ आला, तर त्यांनी त्याला चौकात उभं करून नातं सिद्ध करायला लावलं होतं. बिचारा घाबरून स्वतःच्या आईचं माहेरचं आडनाव विसरला. आणि आमच्या आधी एका मुलीला त्यांनी नुसत्या आडनावावरून जिन्याच्या पायरीवरूनच परत पाठवलं होतं, हे त्यांनीच अभिमानाने सांगितलेलं मी ऐकलं आहे. जी आत आली तिच्यासाठी सुतळी, जी परत गेली तिच्यासाठी काहीच नाही. ती कुठे गेली असेल, कोणी विचारलं नाही.

चेहऱ्यावरून परकं ठरण्याचं तर आणखी वेगळं. २०१२च्या ऑगस्टमध्ये अफवा पसरल्या, पुण्यात काही मुलांना मारहाणही झाली आणि ईशान्य भारतातली मुलं बॅगा भरून रेल्वेत बसली. बंगळुरूत झालं तेच इथेही. वर्षानुवर्षं इथे शिकत असलेली, इथल्या गाड्यांवर मोमो विकून फी भरणारी मुलं. त्यांच्यातल्या कोणासाठी कोणाच्या उशाशी घंटा होती?

आता काकूंच्या त्या पाहण्याबद्दल. माडीच्या जिन्याला एक लोखंडी जाळीचं दार होतं. लाकडी कोरीव कामाच्या वाड्यात ते फार विद्रूप दिसायचं. मी एकदा म्हटलं, काकू, हे कशाला लावलं? त्या म्हणाल्या, 'जक्कलच्या वर्षी.'

जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात पुण्यात दहा खून झाले. जोशी-अभ्यंकर खून खटला म्हणून तो सगळ्यांना माहीत आहे. करणारे, म्हणजे जक्कल आणि त्याचे साथीदार, कमर्शियल आर्ट शिकणारे विद्यार्थी होते. पहिला बळी त्यांच्याच वर्गातला मुलगा. चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ला येरवड्यात फाशी झाली. हे सगळं वाचून माहीत होतं. काकूंकडून जे कळलं ते वेगळं. त्या सांगायच्या, 'कुलूप नाही गं फोडलं त्यांनी. बेल वाजवली. आपण दार उघडतो ना, तसं लोकांनी उघडलं.' त्या हिवाळ्यात सात वाजता पेठा चिडीचूप व्हायच्या. एकमेकांच्या घरी जाताना लोक बाहेरून नाव ओरडायचे, आवाज ओळखल्याशिवाय कडी निघत नसे. काकूंच्या माडीवर तेव्हा दोन मुलगे राहायचे. एक चित्रकलेचा. कोकणातला, गरीब, 'माझ्या हातची आमटी आवडायची त्याला.' यजमानांनी दोघांना महिन्याची मुदत देऊन खोली रिकामी करायला लावली आणि जाळी बसवली. चित्रकलेचा मुलगा जाताना पाया पडला. 'मी त्याच्या डोळ्यांकडे बघितलं नाही,' काकू म्हणाल्या. 'बिचाऱ्याने काही केलं नव्हतं. पण आपल्याला कसं कळणार?'

त्यानंतर त्यांनी मुलग्यांना कधी खोली दिली नाही, आणि आलेल्या प्रत्येक मुलीला चष्मा घालून विचारलं, काय शिकतेस.

शहर आणि विद्यार्थी यांच्याबद्दल बोलताना आपण भीती एकाच बाजूला धरतो. मुलगी भ्यायची, शहर भीती घालायचं. पण सत्तरीची एकटी बाई रात्री डोक्यावरच्या फळ्यांवर तीन अनोळखी मुलींची पावलं ऐकत झोपायची, तिच्या भीतीचा हिशोब कुठल्या वहीत आहे? जी जाळी विद्यार्थ्यांच्या भीतीने बसवली, तिच्याच आत मी तीन वर्षं निर्धास्त झोपले.

बोळातलं आणखी एक सांगते. पीएमटी बसच्या गर्दीत प्रवास करणाऱ्या आमच्या पिढीच्या मुलींच्या पर्सला आतून सेफ्टी पिना लावलेल्या असत. कशासाठी, ते बायकांना सांगायला नको. याच शहरात १८४८मध्ये सावित्रीबाई शाळेत शिकवायला निघायच्या तेव्हा लोक शेण-चिखल फेकत म्हणून पिशवीत जास्तीचं लुगडं घेऊन जात. विद्यापीठाला त्यांचं नाव २०१४मध्ये दिलं. दीडशे वर्षांत लुगड्याची पिन झाली, हीही प्रगतीच म्हणायची. तर एकदा रात्री साडेआठच्या सुमारास, वीज गेलेली, भरत नाट्य मंदिराच्या कोपऱ्यापासून एक जण माझ्या मागे लागला. मी पाय उचलले, त्याने उचलले. बोळात शिरले आणि धीर सुटला. ओरडले. काय ओरडले आठवत नाही, बहुतेक नुसतंच 'काकू!'

त्या बोळात काकू नसलेली बाई नव्हती. एका दमात पाच-सहा खिडक्या उघडल्या. 'कोण आहे रे?' 'काय झालं गं?' ओट्यावर वारा खात बसलेले एक आजोबा काठी घेऊन उठले. समोरच्या तळमजल्यावरचा शिंपी कंदील घेऊन बाहेर आला. तो माणूस पळाला. मग अर्धा तास मला सगळ्यांनी मिळून झापलं. एवढ्या उशिरा एकटीने कशाला, आणि वीज गेल्यावर मोठ्या रस्त्याने यायला काय होतं. त्यातल्या निम्म्या लोकांना माझं नाव माहीत नव्हतं; 'ती वरच्या माडीवरची, घारी' एवढीच माझी ओळख. पण पुरली.

२७ जून २०२३ला सदाशिव पेठेतच, भर सकाळी, एका कॉलेजच्या मुलीवर तिच्या ओळखीतल्याच एका मुलाने कोयता उगारला. ती जीव घेऊन पळाली, तो मागे. रस्ता रिकामा नव्हता. मध्ये पडून ज्यांनी त्याला धरलं ती स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करायला बाहेरगावाहून आलेली मुलं होती. त्यांतला एक आमच्या सोलापूर जिल्ह्यातला, हे कळल्यावर आईने बार्शीहून मुद्दाम फोन केला. 'बघ,' म्हणाली, 'तुमच्या पुण्यात आपलीच पोरं कामाला येतात.' अठ्ठावीस वर्षांनी पुणं माझं झालं होतं आणि पोरं तिची.

नंतर आठवडाभर सगळे पुणेकरांना शिव्या घालत होते. बघ्यांचं शहर, माणुसकी मेली, वगैरे. मला ते पटलं नाही, पण का पटलं नाही हे सांगता येईना. म्हणून एका संध्याकाळी त्या भागात जाऊन आले. आमचा वाडा गेलेला. त्या जागी पाच मजली इमारत. शिंप्याच्या खोलीच्या जागी पार्किंग. आजोबांच्या ओट्याच्या जागी पार्किंगचा उतार. बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मी चालत गेले आणि जमिनीच्या पातळीवर मला एकही खिडकी दिसली नाही. तळमजल्यावर आता माणसं राहत नाहीत, गाड्या राहतात. पहिल्या मजल्याच्या सरकत्या काचा बंद, मागे एसीची घरघर. इथे आज मी 'काकू!' म्हणून ओरडले तर आवाज जाईल कुठे? लोक वाईट झाले असं नाही. ते वर गेले आणि त्यांनी काचा लावल्या.

खाली उरलेत कोण? तर रात्री एक-दोन वाजता अभ्यासिकेतून बाहेर पडणारी, टपरीवर चहा पिणारी ही पोरं. नवी पेठ, शास्त्री रोड, अलका टॉकीजचा चौक, रात्री उशिरापर्यंत या रस्त्यांवर जाग असते ती त्यांचीच. मार्च २०२१मध्ये एमपीएससीची परीक्षा तीन दिवसांवर असताना पुढे ढकलली तेव्हा हीच पोरं शास्त्री रोडवर बसली आणि रहदारी ठप्प झाली. तेव्हा पुण्याला ती दिसली. एरवी ती दिसतात ती दुचाकी आडवी लावल्याबद्दल, रात्री बाराला रस्त्यात केक कापल्याबद्दल. त्यांत खोटं काही नाही. मेसची उधारी बुडवून गावाकडे गेलेल्यांची मावशींच्या वहीत चार पानं होती. पण बोळावर नजर ठेवायचं आजोबांचं काम आता नकळत त्यांच्याकडे आलं आहे, आणि त्यांच्यावर नजर ठेवणारं मात्र कोणी नाही. डबा अॅपवरून येतो. चार दिवस नाही मागवला तर अॅप फार तर वीस टक्के सूट देतं.

हे सगळं इतक्या तोऱ्यात लिहिण्याचा मला फारसा अधिकार नाही. त्याचं कारण आमची सोसायटी.

आम्ही कर्वेनगरात राहतो. म्हणजे जुनं हिंगणे. अण्णासाहेब कर्व्यांनी १९०० साली विधवा मुलींचा आश्रम गावाबाहेर इथल्या माळावर झोपडीत आणला आणि स्वतः रोज इथून फर्ग्युसनला गणित शिकवायला चालत जात राहिले. गावाला शिकणाऱ्या बायका डोळ्यांसमोर नको होत्या, म्हणून बायका माळावर. मग गाव वाढत वाढत त्याच माळावर आलं, आणि आता आमच्या सर्वसाधारण सभेत विषय क्रमांक सहा असा असतो: 'विद्यार्थिनी भाडेकरूंमुळे होणारा उपद्रव.'

आमच्या इमारतीत दोन फ्लॅट मुलींना दिलेले आहेत, प्रत्येकात तिघी. मालक दोन्ही परदेशात. ते स्वतः राहत नाहीत म्हणून सोसायटी त्यांच्याकडून बिनभोगवटा शुल्क घेते. कायद्याने सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही म्हणून दर सभेत हळहळते. मुलींच्या तक्रारी अशा: चपला जिन्यात असतात. रात्री डबेवाले येतात. गॅलरीत फोनवर मोठ्याने बोलतात, तेही हिंदीत. 'आणि काही झालं तर जबाबदार कोण?' असं सेक्रेटरी म्हणाले. हा प्रश्न आला की सभेत सगळे गप्प होतात, कारण खरं उत्तर 'आपण नको' हे असतं. ठराव आला: सुरक्षिततेसाठी मुख्य फाटक रात्री अकराला बंद. चावी वॉचमनकडे, आणि मालक राहतात त्या प्रत्येक फ्लॅटला एक. भाडेकरूंना नाही.

मी हात वर केला. बाजूने. उशीर झाला होता, घरी कुकर लावायचा होता, आणि 'सुरक्षिततेसाठी' हा शब्द असा आहे की त्याला विरोध करायला उभं राहणाऱ्यालाच लोक संशयाने बघतात. विरोधात एकच हात होता, वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांचा. त्यांना ऐकू कमी येतं; चुकून केला असेल अशी कुजबुज झाली. चुकून नव्हता, हे त्यांनी मला नंतर लिफ्टमध्ये सांगितलं.

दोन आठवड्यांनी, रात्री सव्वाअकरा-साडेअकराला मी गॅलरीतले कपडे काढत होते. फाटकाबाहेर त्या सहांपैकी एक उभी. पाठीला सॅक, हातात फोन, फोनचा उजेड तोंडावर. वॉचमन मागच्या बाजूला पाण्याची मोटर लावायला गेलेला, चावी त्याच्या खिशात. ती फाटक हलवत होती, पण हळूच, कोणाची झोप मोडू नये म्हणून. एक मोटरसायकल तिच्यावरून पुढे गेली. थोडं पुढे जाऊन हळू झाली. वळली.

मी आत पळाले. चावी फ्रिजवर असते, तिथे नव्हती. यजमानांच्या शर्टात होती. चार जिने उतरले ते पायात दोन वेगवेगळ्या चपला घालून. मोटरसायकल फाटकापासून दहा-पंधरा फुटांवर उभी होती. कुलूप माझ्या हातून दोनदा निसटलं. ती आत आली, मी फाटक ओढलं, आणि मोटरसायकल निघून गेली. कदाचित पत्ताच शोधत असेल बिचारा. आपल्याला कसं कळणार?

'सॉरी काकू,' ती म्हणाली. 'बस चुकली. तुम्हाला त्रास झाला.'

मी म्हटलं, 'बेल का नाही वाजवलीस?' आणि म्हणता म्हणताच लक्षात आलं की फाटकाला बेल नाहीच. ठरावात ती नव्हती.

तिचं नाव विचारलं तेव्हा कळलं, ती परभणीची. एकाच जिन्याने वर्षभर चढतो-उतरतो आहोत, आणि मला तिच्याबद्दल काय माहीत होतं, तर तिच्या चपला निळ्या आहेत एवढंच. तेही तक्रारीत आलं होतं म्हणून.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींना फोन केला. ठराव बदलायचा तर पुढची सभा, आणि पुढची सभा सप्टेंबरात. बेल लावायची तर तीन कोटेशनं. 'तोवर ११२ आहे ना,' ते म्हणाले. बरोबर आहे, ११२ आहेच. कॉलेजांत आता तक्रार समित्याही आहेत, बोर्डावर नावं लावलेली असतात. आमच्या वेळी यातलं काहीच नव्हतं आणि हे सगळं हवंच. पण मोटरसायकल वळते तेव्हा फाटक आतून उघडणारं माणूस लागतं, नाहीतर चावी लागते.

संध्याकाळी भाजी आणायला गेले तेव्हा कमानीजवळच्या चावीवाल्याकडे थांबले. तो फुटपाथवर बसतो, पत्र्याच्या पेटीवर, मागे खिळ्यांना चाव्यांचे झुपके. माझी चावी त्याने उजेडात धरून दोन्ही बाजूंनी बघितली.

'फाटकाची दिसतेय. सोसायटीचं पत्र लागंल.'

'घरच्याच मुलींसाठी आहेत,' मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे एकदा बघितलं, कानशी उचलली आणि विचारलं, 'किती करू?'

'सहा.'